कोरड्या खोलीतला फोटो

१

कॅमेरा होता, कार्ड नव्हतं.

बेबीने कॅमेऱ्याच्या कडेचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग कॅमेरा उलटा करून हलवून पाहिला. लॉजवाली बाई मदतीला धावली आणि तिने भलतंच, बॅटरीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. तिथे बॅटरी होती, दुसरं काय असणार!

चहाची वेळ होती. जेवणानंतर लागलेला पाऊस आत्ता कुठे थकला होता आणि अख्खं जंगल ठिबकत होतं. जेवणघरातल्या टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे जमले होते ते एकच फोटो मोठा करून बघायला. सकाळी धबधब्यावर बेबीने काढलेला फोटो.

बेबी म्हणजे पोरगी नव्हे, चांगली नातवंडांची आजी. पण घरातली धाकटी, म्हणून कायमची बेबी. वर्षावन बघायची तिची ही पहिलीच खेप. तिच्या नवऱ्याला, म्हणजे ताईंच्या मेहुण्यांना, कॅमेऱ्यांचं वेड. त्यांनी या सहलीसाठी नवा कोरा कॅमेरा घेतला आणि जुना बायकोच्या गळ्यात अडकवला. नातवंडांना दाखवायला धबधबे-बिबधबे टिपेल, एवढीच अपेक्षा. आणि बेबीने टिपावं कोणाला? पडदेवाल्याला!

पडदेवाला हा पक्षी धबधब्यामागच्या कातळात राहतो. पाण्याचा पडदा फाडून बाहेर येतो आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत परत आत जातो. त्याच्यापायी ताईंनी देशोदेशींची जंगलं पालथी घातली होती. ताई म्हणजे बेबीची थोरली बहीण. मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता गावोगाव पक्ष्यांवर व्याख्यानं देणाऱ्या. त्यांची शेवटची स्लाइड प्रसिद्ध होती. नुसता एक पांढराशुभ्र धबधबा. "या पाण्यामागे पडदेवाला आहे," ताई म्हणायच्या, "मला तो अजून भेटायचाय." लोक टाळ्या वाजवायचे.

तो भेटला तो बेबीला. पंख पसरलेले, चोचीत किडा, अंगाभोवती थेंब. ताई तेव्हा तिच्या शेजारीच उभ्या होत्या आणि लेन्स पुसत होत्या.

"कोणी काढलं असेल हो कार्ड?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. हे ताईंचे जंगलातले जुने सोबती. दात आणि पक्षी सोडून तिसरा विषय माहीत नसलेले.

लॉजवालीने अगदी साध्या मनाने सांगून टाकलं, की दुपारी कोरड्या खोलीची किल्ली ताई घेऊन गेल्या होत्या, त्यांना काही दिसलं असेल तर विचारा. सगळ्यांच्या माना वळल्या. ताई म्हणाल्या, हो, बॅटरी चार्जिंगला लावायला गेले होते. आवाज अगदी प्राचार्यांचा होता. पण बेबी लहानपणापासून तो आवाज ओळखत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुला हवा होता तर मागायचास गं. दिला असता मी."

२

दिला असता! ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चोर म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. पण 'दिला असता' म्हणजे काय? जन्मभर ताईंनी दिलं होतं आणि बेबीने घेतलं होतं. जुने फ्रॉक, जुनी पुस्तकं, आणि गणिताच्या बाईंचा ओरडा झेलायला ताईंचं नाव. आता ही दाता झाली! खोलीत येऊन ताई पलंगावर बसल्या आणि उगाच उशी सारखी करत राहिल्या.

खरं सांगायचं तर पोटात दुखायला सकाळीच सुरुवात झाली होती. जेवताना कॅमेरा पानावरून पानावर फिरला. डॉक्टर तो फोटो बघून उठलेच, हात न धुता खिडकीशी जाऊन उभे राहिले. लॉजवाली म्हणाली, फोटो कुठे काढला ते कोणाला सांगू नका, उगाच गर्दी उसळेल. बेबीने लगेच कबूल केलं. मेहुण्यांनी फोटो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. मग म्हणाले, "ऑटोवर होता ना? मग फोटो कॅमेऱ्यानेच काढला म्हणायचा." सगळे हसले. बेबीही हसली. ताई जरा जास्तच मोठ्याने हसल्या.

त्यानंतर कॅमेरे कोरड्या खोलीत गेले. या जंगलात चपलेलासुद्धा बुरशी धरते, मग लेन्सची काय कथा! म्हणून लॉजवर एकाच खोलीला एसी होता आणि ती खोली माणसांसाठी नव्हती, कॅमेऱ्यांसाठी होती. फळीवर प्रत्येकाचा प्लास्टिकचा डबा. डब्यात प्रत्येकाने आपापली ओल शोषणाऱ्या मण्यांची पुडी टाकायची. मणी कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. आणि त्या गारठ्यातून बाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की चष्म्यावर धुकं. मिनिटभर आंधळं होऊन दारात उभं राहायचं, हा तिथला रोजचा विनोद होता. डॉक्टर तर "कोण आहे, कोण आहे" म्हणत खांबाला नमस्कार करायचे.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ताई उठल्या. किल्ली घेतली. बॅटरी वगैरे काही नव्हतं. त्यांनी बेबीचा डबा ओढला. तो धड बंदही केलेला नव्हता. लेन्सचं टोपण उघडं, पट्टा बाहेर लोंबतोय, पुडी केव्हाची गुलाबी. या बाईला हा पक्षी! ताईंनी कॅमेरा सुरू केला आणि फोटो बघितला. पुष्कळ वेळ बघितला. मग त्यांचं बोट सरकत सरकत कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर गेलं.

'पुसायचा का?' कॅमेऱ्याने विचारलं.

ताईंनी 'नाही' दाबलं. कॅमेरा होता तसा, टोपण उघडं, पट्टा लोंबता, गुलाबी पुडीवर परत ठेवला. उभी हयात त्यांनी परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडण्यात घालवली होती. कशालाही हात लागल्याचं दिसू नये, एवढं त्यांना कळत होतं. बाहेर येऊन, किल्ली दारालाच ठेवून, चष्मा पुसत उभ्या राहिल्या तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला, दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोरीच्या झोळीत, मेहुणे शाल पांघरून निजलेले होते.

हे सगळं आठवता आठवता ताईंच्या हातातली उशी थांबली. मघाशी चहाच्या वेळी बेबीने डबा उघडला तेव्हा त्यांनी आत पाहिलं होतं. टोपण घट्ट लावलेलं होतं. पट्टा लेन्सभोवती नीट गुंडाळलेला होता. आणि पुडीतले मणी निळेशार होते!

३

म्हणजे ताईंच्या मागून कोणीतरी आत गेलं होतं. कार्ड काढलं होतं, आणि जाता जाता टोपण लावून, पट्टा गुंडाळून, ताजी पुडी ठेवून गेलं होतं. असला चोर ताईंनी कधी ऐकला नव्हता.

पण हे सांगायचं कसं? टोपण आधी उघडं होतं हे सांगायचं तर आपण डबा उघडला हेही सांगावं लागणार. मग बेबी विचारणार, कशाला उघडलास? बॅटरीची थाप तर मारून झाली होती. ताईंना निर्दोष ठरवणारा एकच पुरावा होता आणि तोच त्यांना तोंडावर पाडणारा होता. गप्प बसावं, तर जन्मभर बहिणीच्या नजरेत चोर. चोर कसली, दया करण्याजोगी चोर. ते त्यांना मुळीच सोसणार नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांना जेवणाआधी व्हरांड्यात गाठलं. दुपारी कुठे होतात? खोलीत, म्हणे. घोरत. ताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. डाव्या मोज्यावर रक्ताचा डाग पसरत चालला होता.

जळवांचं इथे सगळ्यांना तोंडपाठ होतं. जंगलातून आलं की लॉजवाली पायरीवर बसवून पोटऱ्या तपासायची आणि मगच आत घ्यायची. सकाळी त्या तपासणीत डॉक्टर एकटेच कोरे निघाले होते, आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलंही होतं. मग ही जळू घोरताना पलंगावर चढली होती का?

डॉक्टरांचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघत त्यांनी कबूल केलं, की ते भर पावसात परत धबधब्यावर गेले होते. एकटेच. तोच पक्षी, त्याच जागी, आपल्यालाही मिळतो का बघायला. जेवणानंतर कोरड्या खोलीत ठेवलाच नव्हता तो गळ्यातला कॅमेरा त्यांनी ताईंच्या हातात दिला. पाणी, पाणी आणि पाणी. एकाही फोटोत पीस नव्हतं.

"जेवताना मला वाटलं, त्या कॅमेऱ्यासकट बेबीताईंना उचलून बाहेर ठेवावं," डॉक्टर म्हणाले. "लाज वाटते सांगायला."

"मला विचारा," ताई म्हणाल्या.

लॉजवालीनेही त्यांची साक्ष दिली. चहाची घंटा द्यायला ती गेली तेव्हा डॉक्टर मागच्या नळावर बूट पिळत होते, आणि तिच्यादेखत तिथून थेट जेवणघरात आले. तिचं स्वतःचं म्हणाल तर फोटोची जाहिरात होऊ नये असं तिला वाटत होतं, पण बेबीने शब्द दिल्यावर तो प्रश्न मिटला होता. शिवाय जी बाई कार्ड शोधायला बॅटरीचं झाकण उघडते, ती कार्ड चोरणार कशी?

उरले मेहुणे. ते झोळीतच झोपलो होतो म्हणाले, आणि ताईंनी त्यांना झोळीत पाहिलंही होतं. वर त्यांनी ताईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"जाऊ द्या हो ताई. झालं गेलं विसरा. तुमच्याकडून असं व्हावं हे मी समजू शकतो. तिलाही समजावतो मी."

असं समजूतदार बोलणं ताईंनी पुष्कळ ऐकलेलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारची पकडली गेली की जी पोरगी सगळ्यात आधी तिची बाजू घ्यायला उठते, तिचे खिसे ताई हटकून तपासायच्या. पण या माणसाचे खिसे तपासायला त्यांच्याकडे काहीच निमित्त नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी ताईंशी बोलली नाही असं नाही. बोलली. चहा घेतलास का, पाय दुखतायत का, अगदी आजारी माणसाशी बोलावं तसं. ताईंना त्यापेक्षा कडाक्याचं भांडण परवडलं असतं.

लॉजवर मोबाइलला रेंज अशी फक्त जेवणघराच्या एका कोपऱ्यात यायची. ताई तिथे खुर्ची टाकून बसल्या आणि फोन गुरगुरायला लागला. घरच्या ग्रुपवर बेबीने काल दिवसभर पाठवलेलं सगळं आत्ता एकदम येऊन पडत होतं. बेबी मोबाइलने दिसेल त्याचा फोटो काढायची. केळीचा घड, ओला कुत्रा, ताईंची पाठ, टेबलावरची मुंगी. ताई नाक मुरडत एकेक पुढे सरकवत होत्या.

एका फोटोवर त्या थांबल्या.

व्हरांडा. मागे पावसाच्या सरी. झोळीत मेहुणे, गळ्यापर्यंत शाल, हात पोटावर. आणि चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक. खाली बेबीने लिहिलं होतं: 'हे बघा, जंगल बघायला आलेत! डोळ्यांवर ढग घेऊन झोपलेत आजोबा. हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही.'

नातवंडांनी खाली हसण्याची चित्रं टाकली होती.

ताई उठल्या. व्हरांड्यात गेल्या, झोळीत जाऊन आडव्या झाल्या आणि चष्मा लावून तशाच पडून राहिल्या. पाऊस पुन्हा भुरभुरत होता, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. लॉजवालीने दोनदा येऊन बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं. ताईंच्या काचा शेवटपर्यंत स्वच्छ होत्या. समोरच्या फांदीवरचा कोळीसुद्धा दिसत होता.

त्या झोळीतून उठल्या आणि सरळ नाश्त्याच्या टेबलाकडे गेल्या. तोपर्यंत काय बोलायचं ते ठरलं होतं, आणि सुरुवात कुठून करायची तेही.

५

"काल मी थाप मारली," ताई म्हणाल्या. "बॅटरी लावायला मी गेलेच नव्हते. मी तो फोटो पुसायला गेले होते."

बेबीने कप खाली ठेवला.

ताईंनी सगळं सांगितलं. डबा, टोपण, पट्टा, पुडी, आणि बोट कुठल्या बटणावर गेलं होतं तेही. सांगताना त्या बेबीकडे बघत नव्हत्या, साखरेच्या भांड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, मी बाहेर पडले तेव्हा फोटो कॅमेऱ्यात होता. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डब्यावर ठेवा. कारण माझ्या मागून जो आत गेला त्याला तो पसारा बघवला नाही.

"चोराने काय करावं? कार्ड घ्यावं आणि सुटावं. याने टोपण लावलं, पट्टा गुंडाळला, स्वतःजवळची ताजी पुडी घातली. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी एवढा जीव कोण टाकतो? डॉक्टर टाकत नाहीत, ते आपल्याच कॅमेऱ्याला जपतात. लॉजवाल्या बाईंजवळ पुड्या नाहीतच. हे त्यानेच केलं, ज्याचा तो कॅमेरा वर्षानुवर्षं स्वतःचा होता. हात सवयीने चालले. चोरी करताना माणूस सगळीकडे लक्ष ठेवतो, पण सवयीकडे त्याचं लक्ष नसतं."

बेबीने सावकाश नवऱ्याकडे मान वळवली.

मेहुणे हसले. मी झोपलेला होतो, म्हणाले, आणि ते ताईंनी स्वतः पाहिलंय. ताईंनी मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळे त्यावर वाकले. मेहुण्यांनी फोटो पाहिला आणि खांदे उडवले. वर्षावन आहे ताई, दमट हवेत चष्म्यावर वाफ धरणारच.

"आता आहे का तुमच्या चष्म्यावर?" ताईंनी विचारलं. "कालच्याइतकीच दमट हवा आहे. मी आत्ता त्याच झोळीत पडून आले, माझ्याही चष्म्यावर नव्हती. डॉक्टर, जरा कोरड्या खोलीत जाऊन येता?"

डॉक्टर गेले. थोड्या वेळाने दार वाजलं आणि ते दोन्ही काचा पांढऱ्या करून, हात पुढे पसरून, खुर्चीला अडखळत आले. एरवी सगळे हसले असते.

"धुकं मिनिटभर टिकतं," ताई म्हणाल्या. "बेबीने फोटो काढला तेव्हा तुम्ही नुकतेच त्या खोलीतून येऊन झोळीत शिरला होतात. तिची चाहूल लागली म्हणून झोपेचं सोंग घेतलंत. चष्मा पुसता आला नाही, कारण झोपलेला माणूस चष्मा पुसत नाही."

"आणि कार्ड?" मेहुण्यांचा आवाज चिरका निघाला. "माझी बॅग तपासा. खिसे तपासा."

"कशाला? ज्याला दुसऱ्याची गुलाबी पुडी बघवत नाही, तो असला फोटो या ओलाव्यात खिशात ठेवेल होय? तो सगळ्यात कोरड्या जागी ठेवेल. तुमच्या नव्या कॅमेऱ्याला कार्डाचे दोन कप्पे आहेत ना? पहिल्याच दिवशी आम्हाला दाखवलेत तुम्ही, कौतुकाने."

मेहुणे उठायला लागले. बेबीने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी बघते."

६

ती परत आली तेव्हा तिच्याही चष्म्यावर धुकं होतं, त्यामुळे डोळे दिसत नव्हते. तळहातावर कार्ड होतं.

मेहुणे आता कोणाकडेच बघत नव्हते. आपल्या बशीला सांगावं तसं ते बोलायला लागले. सगळा जन्म लेन्सा जमवण्यात गेला. पहाटे उठायचं, तासन्‌तास चिखलात बसायचं. घरात फोटो काढणारा माणूस म्हणजे मी, एवढी एकच तर ओळख होती. आणि ही, जिला झूम कुठे आहे ते माहीत नाही, हिच्यासाठी अख्खं टेबल उठून उभं राहिलं. ताईंना त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण त्यातलं प्रत्येक वाक्य त्या काल स्वतःशी बोलल्या होत्या.

"खरं तर मी काही करणारच नव्हतो," मेहुणे म्हणाले. "झोळीतून मी ताईंना बाहेर येताना पाहिलं. चष्मा पुसत होत्या. म्हटलं, चला, झालं काम. खात्री करायला आत गेलो, तर फोटो तसाच! ताई, तेव्हा मला तुमचा इतका राग आला म्हणून सांगू."

"माझा?"

"तुमच्याकडून होईल असं वाटलं होतं हो. तुम्ही केलं नाहीत, म्हणून मला करावं लागलं. आणि मग मलाही पुसवेना."

बेबीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. ती ताईंकडे वळली.

"तू का नाही पुसलास गं?"

ताईंना पुष्कळ चांगली उत्तरं देता आली असती. बहीण आहेस म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि बेबीने ते डोळ्यांत पाणी आणून ऐकलंही असतं. पण आजची सकाळ खोटं बोलायची नव्हती.

"तुझ्यासाठी नाही," ताई म्हणाल्या. "त्याच्या डोळ्यावर फोकस होता. पिसान्‌पीस दिसत होतं. असला फोटो मला जन्मात काढता येणार नाही, बेबी. तो पुसला असता तर पडदेवाला मला कधीच दिसला नसता."

डॉक्टर घसा खाकरून खिडकीकडे गेले. लॉजवालीने उगाच टेबल पुसायला घेतलं. बेबी कार्ड घेऊन टीव्हीशी गेली, बरीच खटपट केली, दोनदा उलटं घातलं. ताईंनी हात शिवशिवत असूनही मदत केली नाही. शेवटी पडदा उजळला.

पाणी दुभंगलं होतं आणि त्यातून तो येत होता.

मेहुणेसुद्धा मान वर करून बघायला लागले, आणि बघता बघता त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ताईंच्या पोटात कालच्याइतकंच दुखलं. कमी नाही, जास्त नाही. टीव्हीवर मोठा केल्यावर तर तो कालच्यापेक्षाही चांगला दिसत होता, ही आणखी एक पंचाईत.

बेबी मात्र फोटोकडे बघत नव्हती. ती टीव्हीशेजारी उभी राहून ताईंच्या तोंडाकडे बघत होती, अगदी निवांतपणे. शाळेत प्रत्येक वर्गात तिला "तू हुशार मुलीची बहीण ना?" असं विचारलं गेलं होतं, आणि दर वेळी तिने हो म्हटलं होतं. तेव्हा आपलं तोंड कसं होत असेल हे तिला आज समोर दिसत होतं. आणि ते बघून तिला बरं वाटत होतं, हे ती लपवतही नव्हती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "नवा कॅमेरा आजपासून माझ्याकडे. जुना तुम्ही घ्या. तो आपोआप काढतो म्हणे फोटो."

मेहुण्यांनी मुकाट्याने मान हलवली. जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा टेबलावर लोंबत होता. त्यांचा हात आपसूक तिकडे गेला आणि तो गुंडाळायला लागला.

"आणि ताई, तुझी ती शेवटची स्लाइड," बेबी म्हणाली. "नुसत्या पाण्याची. तिथे आता हा लाव."

ताईंनी वर पाहिलं. गावोगावचे हॉल त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. टाळ्या. आणि मग कोणीतरी हात वर करून विचारणार, बाई, हा तुम्ही काढलात? प्रत्येक गावात विचारणार. प्रत्येक गावात सांगावं लागणार.

"लावते," त्या म्हणाल्या.

"खाली माझं नाव घाल. बेबी नको, खरं नाव घाल." बेबी खुर्ची ओढून बहिणीच्या शेजारी टेकली आणि तिने ताईंच्या बशीतलं बिस्कीट उचललं. "आणि जरा मोठ्या अक्षरात घाल हं. मागच्या रांगेतून दिसायला हवं."